जस्ताचं टाकं आणि लेकराचं रक्त

(वाचकांचे प्रश्न, रक्त तपासणाऱ्या बाईंची उत्तरं)

प्रश्न : बाई, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत गॅल्व्हनायझिंगच्या कामावर आहे, १४ वर्षं झाली. नट-बोल्ट, अँगल ॲसिडात धुवायचे आणि जस्ताच्या टाक्यात बुडवून काढायचे, हे माझं काम. मला मोठी मुलगी ८ वर्षांची, ती ठणठणीत. पोरगा साडेचार वर्षांचा. सात महिन्यांचा असताना तो पांढराफटक पडायला लागला, दूध पिईना, पोट वर आलं. तपासणीत थॅलेसेमिया मेजर निघाला. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतोय. आता नवीनच झालंय. मेव्हण्यानं पुण्याहून मोबाईलवर एक लेख पाठवला. त्यात लिहिलंय, बीसीएल११ए नावाचं एक जनुक असतं, त्यातून जस्ताला बांधून ठेवणारं प्रोटीन तयार होतं आणि ते बंद केलं की थॅलेसेमिया बरा होतो. ते वाचल्यापासून झोप उडाली आहे. मी दिवसभर जस्ताच्या धुरात. कपड्यांवर पांढरी भुकटी घेऊन घरी येतो, बायको तेच कपडे हातानं धुते, पोरगं माझ्या मांडीवर बसतं. माझ्यामुळं त्याच्या अंगात जस्त जाऊन ते जनुक चालू झालं का? आमच्या आईचं उलटंच. ती म्हणते, पोराला जस्त कमी पडतंय. तिनं मेडिकलमधून झिंकचं सिरप आणलंय आणि भोपळ्याच्या बिया भाजून देते. खरं काय? आणि ते जनुक बंद करायला किती पैसे लागतात? गावाकडं २२ गुंठे आहेत, वेळ पडली तर विकीन. नाव छापू नका.

उत्तर : नाव छापत नाही. आणि आज रात्री झोपा. पोराचा आजार तुमच्या टाक्यातून आलेला नाही.

तुमचा मेव्हणा खोटं बोललेला नाही, पण अर्धा लेख वाचून पुढं ढकलला की काय होतं ते बघा. एकाच ओळीवरून बापाला वाटलं जस्त जास्त झालं आणि आजीला वाटलं कमी पडलं. दोघांनीही जीव टांगणीला लावला.

थॅलेसेमिया मेजर म्हणजे ११ नंबरच्या गुणसूत्रावरच्या, हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. एक प्रत तुमच्याकडून आली, एक तुमच्या बायकोकडून. तुमची ती प्रत तुमच्या जन्मापासून तशीच आहे, तुम्ही शिरोलीचं गेट बघायच्या किती तरी आधीपासून. तुम्हाला त्रास नाही, कारण तुमची दुसरी प्रत चांगली आहे. बायकोचंही तसंच. पोराच्या वाट्याला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. यात कुणाची चूक नाही, आणि जस्ताचा तर काडीचाही संबंध नाही.

धुराचं म्हणाल तर तो तुम्हालाच बाधतो. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला गोडसर-धातूची चव येते, दुसऱ्या दिवशी उतरतो. तुमच्या शॉपमधल्या जुन्या माणसांना विचारा, प्रत्येकानं एकदा तरी भोगलेलं असतं. कपडे मात्र कारखान्यातच बदलून या. कारण जस्त नव्हे. गॅल्व्हनायझिंगच्या टाक्यात थोडं शिसंही असू शकतं, आणि शिसं लहान मुलांच्या रक्तालाही वाईट आणि मेंदूलाही. तुमच्या पोराच्या रक्तामागं आधीच पुरेसं लागलेलं आहे.

आता ते 'जस्ताला बांधून ठेवणारं प्रोटीन'. हा शब्द वाचला की वाटतं, ते प्रोटीन म्हणजे जस्ताची तिजोरी. तसं नाही. आमच्या घरी लग्नकार्यात फेटा बांधायचं काम माझ्या यजमानांचं. आठ-नऊ मीटर कापड डोक्याभोवती फिरवायचं, वर तुरा काढायचा, आणि शेवटी एक पिन अशा जागी खोचायची की कुणाला दिसू नये. ती पिन निघाली की वरातीच्या मधेच तुरा नाकावर येतो. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब पट्टी. बीसीएल११ए प्रोटीनाच्या मोठ्या रूपात ती ८३५ अमिनो आम्लांची असते. या पट्टीत ठरावीक ठिकाणी तीसेक अमिनो आम्लांचा तुकडा दुमडून बोटासारखा उभा राहतो, आणि तो दुमडलेलाच राहावा म्हणून मधे जस्ताचा एक अणू बसलेला असतो. बहुतेक बोटांत त्याला दोन बाजूंनी दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन ही अमिनो आम्लं धरून ठेवतात. शास्त्रज्ञ त्याला झिंक फिंगर म्हणतात, आपण जस्ताचं बोट म्हणू. एका बोटाला एक अणू. पिन ती एवढीच.

हे बोट पहिल्यांदा कुठं दिसलं, तर आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या अंड्यांत. १९८५ साली केंब्रिजला आरोन क्लुग यांच्या प्रयोगशाळेत एका प्रोटीनाचा अभ्यास चालला होता, त्यात अशी नऊ बोटं ओळीनं सापडली. नंतर कळलं की माणसाच्या अंगातही ही तऱ्हा सर्रास आहे. अशी बोटं असलेली प्रोटीनं बनवणारी जनुकं सातशेच्या घरात आहेत. बीसीएल११ए त्यातलंच एक, २ नंबरच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर बसलेलं. बोटांचं काम काय, तर डीएनएच्या दोरीवरून हात फिरवून नेमकी अक्षरं ओळखायची आणि तिथं घट्ट धरायचं.

आजीनं आणलेलं सिरप यात कुठं बसतं? कुठंच नाही. पिनांचा आख्खा डबा आणला म्हणून फेटा मोठा होत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम जस्त असतं, ते रोजच्या जेवणातून भरून निघतं आणि पेशी त्यातून आपल्या पिना घेतात. जस्त जास्त दिल्यानं हे जनुक जोरात चालत नाही, आणि कमी केल्यानं बंदही पडत नाही.

मग ते जनुक करतं काय? तुमचे २२ गुंठे आहेत म्हणजे उसाला पाणी पाजायला उभे राहिला असाल. दारं धरणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पाट एकच असतो. एका सरीचं दार मोडायचं, ती भरली की ढेकूळ-माती टाकून ते बांधायचं आणि पुढच्या सरीचं मोडायचं. ११ नंबरच्या गुणसूत्रावर ग्लोबिनच्या सऱ्या अशाच ओळीनं आहेत आणि वरच्या अंगाला एकच पाट आहे. बाळ आईच्या पोटात असताना पाणी गॅमाच्या सरीत जातं. त्यातून तयार होतं ते बाळरक्त, म्हणजे फिटल हिमोग्लोबिन. ते प्राणवायू जरा जास्त घट्ट धरतं. त्यामुळंच आईच्या रक्तातून बाळाला तो ओढून घेता येतो. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन हेच असतं. मग पहिल्या काही महिन्यांत गॅमाचं दार बांधलं जातं आणि पाणी बीटाच्या सरीत वळतं.

दार बांधणारा जो गडी, तो बीसीएल११ए. त्याच्या शेवटच्या तीन जस्ती बोटांनी तो गॅमा जनुकाच्या तोंडाशी असलेली सहा अक्षरं पकडतो, टी-जी-ए-सी-सी-ए, आणि तिथंच बसतो. दार बंद.

निरोगी बाळाचं यात काहीच बिघडत नाही, पुढची सरी तयार असते. तुमच्या पोराची बीटाची सरीच फुटकी आहे. गॅमाचं दार बंद झालं आणि पुढं पाणी पोचेना. म्हणून तो जन्मला तेव्हा गुबगुबीत होता आणि सातव्या महिन्यात पांढरा पडायला लागला. पत्रातला हा महिना वाचूनच मला पुढचं सगळं कळलं होतं. प्रॅक्टिसच्या ३४ वर्षांत अशी बाळं बघितली, सगळी साधारण त्याच वयात यायची. आया म्हणायच्या, दृष्ट लागली. दृष्ट नव्हती, दार बांधलं गेलं होतं.

म्हणजे हा गडी वाईट नाही. त्याला पुढची सरी फुटलीय हे माहीत नाही, तो नेमून दिलेलं काम करतोय. माणसांच्या मनात हा मुद्दा यायला बराच काळ गेला. काही घराण्यांत मोठेपणीही बाळरक्त भरपूर राहतं आणि त्यांना काही त्रास होत नाही, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. ग्रीक घराण्यांत असा एक प्रकार सापडला होता. गॅमाच्या तोंडाशी, त्या सहा अक्षरांतलंच, एक अक्षर बदललेलं. पण ते अक्षर बदलल्यानं दार उघडं का राहतं, हे कोडंच होतं. २००७-०८ च्या सुमारास युरोपात आणि सार्डिनिया बेटावर हजारो लोकांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा ज्यांचं बाळरक्त जास्त त्यांच्यात २ नंबरच्या गुणसूत्रावरच्या या जनुकाकडं बोट गेलं. त्या जागी ते असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रक्ताच्या कर्करोगात बिघडलेलं सापडलं म्हणून तर त्याचं नाव तसं पडलं होतं. २००८ सालीच बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हेच प्रोटीन गॅमाचं दार बांधतं. आणि ते नेमकी ती सहा अक्षरं पकडतं, ग्रीक घराण्यांत पकडायची जागाच बिघडलेली असते, हे कळायला २०१८ उजाडलं. त्या साली मी लॅब बंद केली होती. बातमी वाचून कुणाला सांगावं असं झालं, पण घरात होते ते यजमान, ते म्हणाले, जेवायला वाढ.

मग जनुकच उपटून टाकावं की! नाही, भाऊ. हा गडी फक्त रक्ताच्या शेतावर नसतो. मेंदू घडताना तो लागतो, प्रतिकार करणाऱ्या बी पेशी तयार व्हायला लागतो. ज्या मुलांच्यात जन्मतःच या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, त्यांच्या अंगात बाळरक्त भरपूर राहतं खरं, पण ती मुलं उशिरा बोलतात, उशिरा चालतात, शिकायला जड जातं. उंदरांत दोन्ही प्रती काढल्या तर पिल्लं जन्मताच मरतात. म्हणून कुणी 'हे जनुक बंद करणारी' गोळी, काढा, तेल विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. खरंच सगळ्या अंगात बंद करणारं काही असतं, तर त्यानं पोराची वाट लागली असती.

वाट निघाली ती वेगळ्याच ठिकाणी. २०१३ साली त्या जनुकाच्या पोटातच, प्रोटीनाच्या कामाचा नसलेला डीएनएचा एक तुकडा सापडला, जो फक्त तांबड्या पेशी तयार होताना या जनुकाला चालना देतो. मेंदूत त्या तुकड्याचा उपयोग नाही. म्हणजे गड्याला हाकलायचं नाही, फक्त रक्ताच्या शेतावर जायची त्याची हाळी बंद करायची. क्रिस्पर नावाच्या कात्रीनं तो तुकडा कापतात. या कात्रीसाठी २०२० सालचं नोबेल दोघी बायकांना मिळालं, शार्पेंटिए आणि डाउडना. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी, म्हणजे ज्यातून सगळ्या रक्तपेशी तयार होतात त्या, काढून घ्यायच्या, बाहेर कात्री चालवायची, मग जोरदार केमोथेरपी देऊन हाडातली जुनी मज्जा रिकामी करायची आणि कापलेल्या पेशी परत सोडायच्या. काही आठवडे दवाखान्यात, सगळं मिळून बरेच महिने. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं परवानगी दिली. अमेरिकेनं आधी सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आजाराला दिली, मग जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियाला. दोन्हीकडं १२ वर्षांच्या पुढच्यांना. अमेरिकेत किंमत ठेवली २२ लाख डॉलर. तेव्हाच्या भावानं आपले १८ कोटी.

तुमचे २२ गुंठे आणि त्यांचे २२ लाख डॉलर, आकडा तेवढा जुळला. जमीन विकू नका. याच्यासाठी तर नाहीच.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे : मोठी मुलगी ८ वर्षांची, ठणठणीत. तिची आणि पोराची एचएलए जुळणी, म्हणजे एकाची मज्जा दुसऱ्याला चालेल का ते बघणारी तपासणी, केली का? सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळली तर तिच्या मज्जेचं प्रत्यारोपण हा आज हाताशी असलेला खरा उपचार आहे, आणि तो लहान वयात, अंगात लोह साठायच्या आत केलेला जास्त चांगला. ती स्वतः वाहक असली, म्हणजे तुमच्यासारखी तिची एक प्रत बिघडलेली असली, तरी देऊ शकते. खर्चासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते. तुमच्या रक्तविकाराच्या डॉक्टरांना हे शब्द जसेच्या तसे विचारा. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आहे. प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा, लाज कसली.

जुळलं नाही तर? तर रक्त आणि लोह काढायचं औषध, दोन्ही नेमानं. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं, आणि शरीर दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर टाकतं. बाकीचं काळजात, यकृतात जाऊन बसतं. फेरिटिनची तपासणी चुकवू नका, अंगात लोह किती साठलंय ते त्यातून कळतं. मला विचाराल तर बीसीएल११ए या शब्दापेक्षा फेरिटिन हा शब्द तुमच्या घरात जास्त बोलला गेला पाहिजे.

आईला काय सांगायचं? बिया देऊ दे. मूठभर बियांनी काही बिघडत नाही, आणि आजीच्या हाताला काहीतरी काम पाहिजे. सिरप मात्र बाटलीसकट डॉक्टरांना दाखवा. पोराला डेफेरिप्रोन हे लोह काढायचं औषध चालू असेल तर त्यानं लोहाबरोबर थोडं जस्तही लघवीतून जातं. तिथं डॉक्टर तपासून, मोजून जस्त देतात. त्याचा बीसीएल११एशी संबंध नाही. मनानं महिनोन्‌महिने जास्त दिलं तर जस्त तांब्याला आतड्यातच अडवतं, आणि तांबं कमी पडलं की रक्त आणखी कमी होतं. म्हणजे ज्यासाठी औषध तेच दुखणं.

जस्ताची खरी उणीव कशी दिसते, ते सांगते. १९६० च्या सुमारास आपल्या बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणात शिराझला होते. त्यांच्याकडं विशीतली पोरं यायची, उंचीनं दहा वर्षांच्या मुलाएवढी, दाढी-मिशी नाही, माती खायची सवय. माणसालाही जस्त लागतं हे जगाला तिथून कळायला लागलं. तुमच्या पोराची उंची मागं राहिली तर विषय काढा. पण आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघायचं.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, एम.कॉम.ला आहे. आत्याच्या मुलाशी लग्न ठरतंय. माझं हिमोग्लोबिन सारखं १०.४ च्या आसपास. सहा महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही. रिपोर्टवर एमसीव्ही ६१, आरबीसी ५.६ आहे. गोळ्या बदलू का?

उत्तर : गोळ्या बदलू नकोस, थांब.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, आरबीसी म्हणजे त्यांची संख्या, दशलक्षांत. ६१ ला ५.६ नं भाग. १०.९ आलं. ही लॅबवाल्यांची जुनी युक्ती आहे. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाच्या वाहकाचा संशय घ्यायचा, वर असलं की लोहाच्या कमतरतेचा. लोह कमी असेल तर पेशी लहान असतात आणि कमीही असतात. तुझ्या लहान आहेत, पण ५६ लाख आहेत. कारखाना जोरात चाललाय, माल तेवढा आखूड निघतोय. संशय म्हणजे निदान नव्हे. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करून घे, त्यात एटू हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला का बघायचं. बरोबर फेरिटिनही कर, कारण लोह खरंच कमी असेल तर एटू खाली दबतं आणि रिपोर्ट फसवतो.

मी फसले आहे. लॅब उघडून चार-पाच वर्षं झाली असतील. एका बाईंचा असाच रिपोर्ट हातात आला आणि मी खाली लिहून मोकळी झाले, 'लोहाची कमतरता दिसते'. तो भागाकार मला येत होता. त्या दिवशी रिपोर्टांची चळत मोठी होती, मी तो केला नाही. त्या बाई दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खात राहिल्या. मग त्यांचं बाळ आठव्या महिन्यात माझ्याच टेबलावर आलं. त्यानंतर मी लॅबच्या भिंतीला एक पाटी लावली, '१३ बघा'. नवीन पोरांना वाटायचं कसला तरी मुहूर्त आहे.

आता तुझ्या लग्नाचं. तुझ्यात हे वडिलांकडून आलं असेल, तर आत्यात असण्याची शक्यता निम्मी आणि तिच्या मुलात चौथाई. परक्या घरातल्या मुलात ती सरासरी शंभरात तीन-चार. आपल्याकडं आत्ये-मामे भावंडांची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली, मी त्यावर प्रवचन देणार नाही. पत्रिकेबरोबर त्याचंही एचपीएलसी मागून घे, एवढंच. तो वाहक नसेल तर तुमच्या मुलांना मेजर होत नाही. दोघंही निघालात तर दर खेपेला चारात एक मूल त्या आजाराचं. मग लग्न करायचं की नाही तुम्ही ठरवा, पण दिवस राहिल्यावर १० ते १२ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा तुकडा तपासून घ्यायचा, हे आजच वहीत लिहून ठेव. बाळ जन्मल्यावर गुटगुटीत दिसलं म्हणून सुटलो असं कुणी समजू नये. ते का, ते वरच्या उत्तरात वाच. त्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळरक्त सगळं झाकून ठेवतं.

आणि तू स्वतः आजारी नाहीस. १०.४ वर माणूस रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतो.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची. आमच्या वर्गात जेनेटिक्सच्या तासाला सगळे माझ्याकडं बघतात, कारण पुस्तकात लिहिलंय थॅलेसेमिया सिंधी लोकांत जास्त. हे खरं आहे का? आणि बीसीएल११ए नाव कॅन्सरवरून आलंय, तर त्याची छेडछाड केली की कॅन्सर नाही का होणार?

उत्तर : दुसरा प्रश्न हुशार आहे, तो आधी घेते. जनुकाला नाव पुष्कळदा पडतं ते पहिल्यांदा जिथं बिघडलेलं सापडलं त्यावरून. २ आणि १४ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन हे जनुक चुकीच्या जागी, भलत्याच जोरात चालायला लागतं, तसं काही रक्ताच्या कर्करोगांत दिसलं. कॅसजेव्हीत उलट त्याचा जोर कमी करतात, तोही फक्त तांबड्या पेशींच्या वाटेवर. तरी कात्री भलतीकडं चालली का, हे बघायला उपचार घेतलेल्यांवर १५ वर्षं नजर ठेवायची असं ठरलेलं आहे. आणखी एक लक्षात ठेव, परीक्षेत विचारतील : हा बदल मज्जेतल्या पेशींत होतो, बीजपेशींत नाही. म्हणून बरा झालेला रुग्णही मुलांना जुनंच बीटा जनुक देतो.

आता पहिला. होय, सिंधी, पंजाबी, कच्छकडच्या लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत वाहक जास्त आहेत. त्याचं कारण डास. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथं एक बिघडलेली प्रत असलेली माणसं मलेरियातून जास्त तगली. म्हणजे तुझ्या पूर्वजांना तिनं जगवलं. वर्गातल्यांना हे सांग. आणि हेही सांग की याच पानावर वरची दोन पत्रं आलीत, त्यातलं एकही सिंधी घरातलं नाही.

तुझ्या गावाचा इतिहास वर्गाला माहीत नसेल. तिथं वळीवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून आलेल्या निर्वासितांची छावणी होती, हजारो बायका-पोरं १९४३ ते १९४८ अशी तिथं राहिली. ती गेली आणि फाळणीत घर सोडून आलेली तुझी माणसं त्याच जागेत आली, कापडाचा बाजार उभा केला. माझ्या लग्नाचा शालू गांधीनगरचाच.

तुमच्या गावात वाहक तपासणीचं शिबिर घ्यायचं तुझ्या मनात असेल, तर प्राचार्यांशी बोल. लग्नाआधीच्या पोरापोरींचं आधी करा, सगळ्या जातीच्या. तारीख ठरली की मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाक. सुई टोचायला मी येईन, हात अजून कापत नाही.